काळहस्तीहून थेट घरी

नऊ दिवसांत अकरा देवळं. ऐकायला किती पुण्याचं वाटतं, नाही? करून बघा एकदा. मदुरईला भर दुपारी अनवाणी चालताना मी मीनाक्षीला सरळ सांगितलं, बाई गं, तू राणी आहेस, तुझं ठीक आहे, माझे तळवे सत्तावीस वर्षं दुबईच्या एसीत पोसलेत. रामेश्वरला बावीस कुंडांचं स्नान. प्रत्येक कुंडावर एक माणूस उभा, तो बादली अशी ओततो की जुनं वैर असावं. पंधराव्या कुंडाला माझी सगळी पापं संपली होती, पुढच्या सात बादल्या उगाचच.

आणि एवढ्या सगळ्यात आमचे हे, म्हणजे वसंतराव, एका शब्दाने कुरकुरले नाहीत. इथेच मला कळायला हवं होतं. हा माणूस कसा, तर हॉटेलात इडलीबरोबर चटणी दुसऱ्यांदा मागायला गेला तर वेटरला आधी विचारणार, "एक्स्ट्रा चार्ज है क्या?" एक्केचाळीस वर्षांच्या संसारात माझं एकही म्हणणं त्यांनी वाद न घालता मान्य केलेलं नाही. आणि या यात्रेत? "पहाटे चारला उठायचं का?" "तू म्हणशील तसं." "कन्याकुमारीला आणखी एक दिवस राहू या का?" "राहू." मी म्हटलं, देवदर्शनाने माणूस बदलला. कसलं काय!

फक्त एका ठिकाणी ते अडले. तिरुपतीला सात तास रांगेत उभं राहून बाहेर आलो, लाडू घेतला, आणि मी म्हटलं, "आता उद्या पहाटे काळहस्ती, की संपलं." तर म्हणाले, "काळहस्ती राहू दे, छाया. गुडघा दुखतोय. चेन्नईला एक दिवस आराम करू आणि जाऊ."

"इतकं करून शेवटचंच सोडायचं? ज्याच्यासाठी आले तेच?"

कारण मी काळहस्तीसाठीच आले होते. बाकीचे देव वाटेत लागले म्हणून.

सांगते. आमचं घर दुबईत, करामामध्ये, तिसऱ्या मजल्यावर, फ्लॅट तीनशे चार. सत्यजित चौथीत होता तेव्हा भाड्याने घेतलं. भाड्याचं घर, मान्य आहे, पण सत्तावीस वर्षं. त्या स्वयंपाकघरातून मी एकोणीस वर्षं डबे दिले. एकटे राहणारे मुलगे, बँकेतले, बांधकाम कंपन्यांतले, माझ्या आमटीवर जगले आणि पुढे बायका आल्यावर त्यांना आमटी शिकायला माझ्याकडे पाठवलं. पुण्यात आमची कोथरूडला जागा होती, ती सत्यजितच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी विकली. त्यामुळे छाया नावाच्या बाईला घर म्हणून जगाच्या पाठीवर एकच जागा होती, ती म्हणजे तीनशे चार.

दोन वर्षांपूर्वी यांची नोकरी संपली, आमचा दुबईत राहायचा व्हिसा सत्यजितच्या नावावर आला. आणि गेल्या वर्षी मालकाची नोटीस आली. त्याला त्याच्या मुलासाठी जागा हवी होती, एका वर्षात खाली करा. सत्यजित तीनतीनदा येऊन बोलला. "आई, आमच्याकडे या. मरीनाला तीन बेडरूम आहेत, समुद्र दिसतो." मी म्हटलं, "समुद्र बघून पोट भरत नाही. मी इथून हलणार नाही. वर्ष आहे ना हातात? इन्शाल्ला, मालकाचा मुलगा कॅनडाला जाईल." पुढे त्याने विषय काढला की मी मिक्सर सुरू करायची.

मी फार देवभोळी नाही. पण अडचणीत सापडलं की माणूस कुणाचंही ऐकतो. कुणीतरी सांगितलं, घरात एकामागून एक असं चाललंय म्हणजे राहू-केतू, काळहस्तीला पूजा करून या. नियम मात्र कडक. काळहस्तीहून निघालं की दुसऱ्या देवळात जायचं नाही, कुणाच्याही घरी पाय ठेवायचा नाही, थेट स्वतःच्या घरी. नाहीतर जे तिथे सोडून आलो ते ज्याच्या घरी जाऊ त्याच्या मागे लागतं. म्हणून मी सगळ्या यात्रेचं वेळापत्रक उलटं मांडलं. पहाटे पूजा, तिथून गाडीने सरळ चेन्नई विमानतळ, दुपारचं विमान, संध्याकाळी सातला दुबई, साडेसातला तीनशे चारमध्ये कुकर लावलेला. आहे की नाही डोकं?

तर पहाटे आम्ही काळहस्तीला पोहोचलो. फोन आत नेता येत नाहीत. हे म्हणाले, "तू जा. मी फोन आणि चपला सांभाळतो. माझ्याने चालवत नाही." मी चिडले. पाचशे रुपयांची दोन तिकिटं काढली होती, म्हणजे यांच्या तिकिटाचे एकवीस-बावीस दिरहम पाण्यात. "नवरा-बायकोने जोडीने बसायचं असतं," मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. बाहेर एका खांबाला टेकून बसले, मांडीवर दोन फोन, पुढ्यात चार चपला. मी तशीच गेले.

आत शेकडो माणसं रांगेने बसलेली. प्रत्येकापुढे नागाच्या दोन छोट्या प्रतिमा, हळदकुंकू, उडीद. माइकवरून पुजारी सांगेल तसं करायचं. माझ्या शेजारची जागा रिकामी. संकल्पाला नाव आणि गोत्र म्हणायचं होतं. मी नाव म्हटलं, गोत्र म्हटलं, आणि मनात पत्ता पण म्हटला. करामा, फ्लॅट तीनशे चार, तिसरा मजला, लिफ्टमधून बाहेर आलं की डावीकडे. देवाचा घोटाळा नको. म्हटलं, बाबा रे, माझं घर तेवढं राहू दे. दुसरं काही मागत नाही. आणि मला रडू आलं. तिथे सगळेच रडत होते, त्यामुळे कुणी बघितलं नाही.

बाहेर आले तेव्हा हे त्याच खांबापाशी होते. "झालं?" म्हणाले. "झालं," मी म्हटलं, "आता मध्ये कुठेही थांबायचं नाही." त्यांनी माझ्या चपला उचलून माझ्या पायांपुढे ठेवल्या. हे असलं त्यांनी जन्मात केलेलं नाही. मला वाटलं, पूजेला बसले नाहीत म्हणून लाज वाटतेय.

दुबईला उतरलो तेव्हा माझ्यात काही उरलं नव्हतं. पाय सुजून चपलांबाहेर आलेले, केसांत नऊ गावांची धूळ. सत्यजित न्यायला आला होता, बरोबर आमची नात स्वानंदी, सात वर्षांची. सून मुग्धा घरीच थांबली होती. ती पळत आली. मी दोन पावलं मागे सरले. "लांब गं, सोन्या. आजी घरी जाऊन आंघोळ करेल, मग जवळ घेईल."

"बट आजी, वी आर गोइंग होम ओन्ली," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "आय कान्ट टेल. इट्स अ सरप्राइज. यल्ला, यल्ला! चल ना!"

मी एवढी दमले होते की सरप्राइज म्हणजे केक असेल असं वाटलं. गाडीत मागे बसले. हे पुढे बसायचे, ते पण आज माझ्याशेजारी येऊन बसले. विमानतळाहून करामा म्हणजे पंधरा मिनिटं. डोळे मिटले, उघडले, तर ट्रेड सेंटर मागे पडलेलं आणि गाडी शेख झायेद रोडवर मरीनाच्या दिशेने सुसाट.

"अरे, करामा मागे राहिलं."

"आई, आधी घरी जाऊ ना. मुग्धाने जेवण तयार ठेवलंय."

"तुझ्या घरी नाही जायचं मला. सांगितलं होतं ना फोनवर? काळहस्तीहून थेट माझ्या घरी. वळव गाडी."

त्याने आरशातून यांच्याकडे बघितलं. स्वानंदीला मात्र राहवलं नाही. "आजी, युवर रूम इज रेडी! युवर देवघर ऑल्सो! अँड युवर बिग कुकर!"

माझा कुकर. मी सत्यजितच्या मानेकडे बघत राहिले. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी खोटं बोलल्यावर व्हायचे तसे.

"काय केलंस तू?"

"आई, ऐक. नोटीस पीरियड काल संपला. तू ऐकायलाच तयार नव्हतीस. मी काय करणार होतो? गुरुवारी पॅकर्स आले, शुक्रवारी सगळं शिफ्ट केलं. एकही वस्तू फुटली नाही. मुग्धाने सुट्टी काढून सगळं लावलं. तुझ्या डोळ्यांदेखत झालं असतं तर तुला त्रास झाला असता. आता खलास, झालं एकदाचं."

"मी देवाला गेले आणि तू माझं घर हलवलंस."

"आई, प्लीज."

"गुरुवारी मी श्रीरंगमला होते. तुमच्या सगळ्यांच्या नावाने तुळशीचा हार दिला." माझा आवाज चढला. "आणि तू तिकडे माझे मसाल्याचे डबे खोक्यात भरत होतास!"

स्वानंदी दचकली. मला तिचं वाईट वाटलं, पण थांबता येईना. यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी बोलतील, पोराला दोन शब्द सुनावतील. हे खिडकीबाहेर बघत होते.

"सत्यजित," मी म्हटलं, "तू हे मानत नाहीस, मला माहीत आहे. मीही किती मानते, मलाच ठाऊक नाही. पण त्या देवळात माझं जे काही वाईट होतं ते मी आज सकाळी सोडलंय. ते तुझ्या दारात, या पोरीच्या खोलीत घेऊन मी येणार नाही. तू गाडी वळवली नाहीस तर मी सिग्नलला उतरेन. सुजलेल्या पायांनी चालत जाईन. जाईन की नाही?"

"जाईल ती," हे म्हणाले. विमानतळापासून त्यांनी बोललेलं ते पहिलं वाक्य. "वळव, सत्यजित."

त्याने पुढच्या एक्झिटला गाडी वळवली.

आमच्या बिल्डिंगखाली आलो तेव्हा आठ वाजत आले होते. खालच्या केरळी हॉटेलात पराठे थापल्याचा आवाज, कोपऱ्यावरच्या लाँड्रीची वाफ, सगळं जागच्या जागी. वॉचमन युसुफ खुर्चीतून उठला. बावीस वर्षं तो या बिल्डिंगला आहे, सत्यजितच्या बारावीचे पेढे त्याने खाल्लेत. मला वाटलं, हा आता अडवणार. म्हणणार, मॅडम, फ्लॅट खाली हो गया, चाबी दे दो.

तो म्हणाला, "आ गये मॅडम? मैं आप ही के लिये बैठा हूँ। दस बजे मालिक का आदमी चाबी लेने आयेगा। कल ही लेने वाला था, मगर साहब ने जाने से पहले बोल के रखा था ना, एक दिन ज्यादा माँग के देना, मॅडम यात्रा से सीधा इधर आयेगी।"

"कुठल्या साहबने?" मी चक्क मराठीत विचारलं.

युसुफने यांच्याकडे बोट केलं. हसतमुखाने. त्याला वाटलं, चांगली बातमी देतोय.

जाण्याआधी. म्हणजे रामेश्वरच्या आधी, मदुरईच्या आधी, त्या सगळ्या 'तू म्हणशील तसं'च्या आधी. मी सत्यजितकडे वळले. तो हळूच म्हणाला, "आई, यात्रेची आयडिया बाबांचीच होती."

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच गेलो. सत्यजितला म्हटलं, तू पोरीला घेऊन खाली थांब. तीन मजले चढायला लिफ्टला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात मी या माणसाला मनात सोडचिठ्ठी दिली.

कुलूप माझ्याच किल्लीने उघडलं. दिवा लावला. रिकामं घर इतकं लहान दिसतं हे मला माहीत नव्हतं. सोफ्याच्या जागी फरशी जरा उजळ, देवघर होतं तिथे भिंतीवर तेलाचा काळा डाग. स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसलेला. माझ्या ओट्याला डेटॉलचा वास येत होता. दारामागे मात्र माझी विळी होती, पातं मिटलेली. पॅकर्सच्या पोरांना ते काय प्रकरण आहे ते कळलं नसेल, भंगार समजून सोडून गेले. मी ती उचलली, हॉलमध्ये आणून ठेवली आणि तिच्या पाटावर बसले. बसायला तेवढंच होतं घरात.

हे दारातच उभे होते. उंबऱ्याबाहेर.

"आत या की! आता कसला मुहूर्त बघताय?"

"तू ओरडून घे आधी," ते म्हणाले.

"नऊ दिवस! नऊ दिवस माझ्याबरोबर हिंडलात. बावीस कुंडांत अंघोळ केलीत, मनात हे ठेवून? रामेश्वराला काय सांगितलंत? बायकोला फिरवून आणतो, तोवर घर रिकामं होऊ दे?"

"तू नोटीस कधी वाचलीस, छाया? एकदा तरी? मी तीनदा पुढ्यात ठेवली. तू तिच्यावर पापड वाळत घातलेस."

ते खरं होतं. म्हणून मला जास्तच राग आला.

"सत्यजित म्हणाला, आईसमोर सामान काढता येणार नाही," ते म्हणाले. "मलाही ते बघवलं नसतं. तुझ्या डोळ्यांसमोर माणसं स्वयंपाकघर उचकटतायत आणि तू मधे उभी. म्हटलं, यात्रेला नेतो. तुला काळहस्तीला जायचंच होतं किती दिवस. नियम मला नंतर कळला, जाताना विमानात तू सांगितलास तेव्हा. मग काही सुचेना. युसुफला फोन केला तो चेन्नईला उतरल्यावर. म्हटलं, एक दिवस. निदान ती येईल तेव्हा दार उघडावं."

"तो म्हणाला, जाण्याआधी."

"त्याचा गोंधळ झाला असेल. यात्रा सुरू व्हायच्या आधी फोन केला होता मी, चेन्नईहून." ते म्हणाले. "काय फरक पडतो? लपवलं ते लपवलंच."

खालून पराठ्यांचा आवाज येत राहिला. माझा राग कुठे गेला नव्हता, पण त्याला उभं राहायला माझ्यात ताकद नव्हती. मी पदराने तोंड पुसलं. "आणि तिथे बाहेर बसलात ते? मला एकटीला आत पाठवलंत. गुडघ्याचं नाटक करून. शेजारची जागा रिकामी होती माझ्या."

त्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तू आत काय मागणार होतीस ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "त्याच वेळी इथे घर रिकामं होतं. मी तुझ्याशेजारी हात जोडून बसून तेच मागायचं? माझ्याने झालं नसतं. आणि तिथून निघालं की थेट घरी जायचं म्हणतात. मला माहीत होतं, घर नाहीये. म्हणून मी आत गेलोच नाही."

मी विळीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिले. सत्तरीला आलेला माणूस, सदऱ्याला नऊ दिवसांत इस्त्रीचा पत्ता नाही, एका हातात माझी पिशवी. ती त्यांनी खाली ठेवलेली नव्हती. कुणी आपल्याला फसवावं आणि आपल्यालाच त्याची दया यावी, यासारखी दुसरी शिक्षा नाही.

"या आत," मी म्हटलं. "माझी यात्रा पुरी होऊ द्या. तुम्ही काही दर्शन घेतलेलं नाही, तुम्हाला कसलाच नियम नाही."

ते चपला काढून आत आले. बसायला काही नव्हतं म्हणून मी विळीवरून उठले आणि त्यांना बसवलं. नळ उघडून बघितला. पाणी अजून चालू होतं. हात-पाय धुतले, तोंड धुतलं, ओंजळभर पाणी प्यायले. देवघराच्या डागापुढे उभी राहून हात जोडले. काय म्हणायचं ते सुचलं नाही. पत्ता सांगून झाला होता सकाळी, आणि देवाने पत्ता बरोबर ऐकला असेल तर उत्तर हेच होतं.

साडेआठला सत्यजितचा फोन आला. "आई, येऊ का वर?"

"नको," मी म्हटलं. "आम्हीच येतो. मुग्धाला म्हणावं, जेवण गरम कर. आणि माझी विळी राहिली होती, ती डिकीत ठेवायला जागा कर."

दिवा बंद केला. हे दाराबाहेर गेले, मी कुलूप लावलं. माझी किल्ली आणि त्यांची किल्ली, दोन्ही हातात घेतल्या, खाली युसुफला द्यायला.

"तुमचं काळहस्ती राहिलं," मी म्हटलं. "पुन्हा जावं लागेल."

"कधी?"

"थेट जाण्यासारखं घर होईल तेव्हा."

त्यांनी जिन्याच्या बंद दिव्याकडे बघितलं.

"मग राहिलंच म्हणायचं," ते म्हणाले आणि चपला घालायला वाकले. वाकताना कठड्याला धरावं लागलं त्यांना. गुडघा खरंच दुखत होता.